मुरली की उतरली? जुन्या वाइनच्या पाच बाटल्या आणि आपले शब्द

निवळी (पुणे)

शनिवारी रात्री आम्ही सात जण जमलो आणि पाच जुन्या बाटल्या उघडल्या. वहीतली टिपणं काल दिवसभर पुन्हा पुन्हा वाचली, ती इथे मांडतोय. लांबण लागली तरी लागू दे, कारण या पाच पुन्हा एका रात्री समोर यायच्या नाहीत.

आमचा नेम साधा आहे. गटातलं कोणी परदेशी गेलं की येताना दोन बाटल्या आणायच्या. दोन लिटरपर्यंत जकात लागत नाही, त्यात त्या बसतात. पुण्याच्या एप्रिल-मेची झळ लागू नये म्हणून वाइनच्या फ्रिजमध्ये १३ अंशांवर आडव्या ठेवून द्यायच्या आणि थंडी पडली की ठरवून उघडायच्या. त्या संध्याकाळी घरात गजरा, अत्तर, उदबत्ती काही नाही. फोडणीचा स्वयंपाक दुपारीच उरकून खिडक्या उघड्या टाकायच्या. खायला ज्वारीची भाकरी, लोणी आणि भाजलेले बिनमिठाचे बदाम.

यंदा एक नियम वाढवला. वासाचं नाव मराठीत सांगायचं, आणि जी वस्तू सांगू ती आपण स्वतः हुंगलेली हवी. कारण मागच्या पाच वर्षांच्या वह्या मी दिवाळीत काढून बसलो होतो. प्रत्येक जुन्या लाल वाइनपुढे सगळ्यांनी सीडरचं लाकूड, ब्लॅककरंटचं फळ, सिगारची पेटी हेच लिहिलेलं. त्यातली कुठली कुठली होती, ते वाचून मला एकही आठवली नाही. पाच वर्षं आम्ही ऐकीव वास लिहीत होतो, याचं मला खरंच वाईट वाटलं.

पहिली बाटली जर्मनीची, मोझेल नदीकाठची, रीसलिंग या पांढऱ्या द्राक्षाची, २००२ ची श्पेटलेझे, म्हणजे उशिरा खुडलेल्या घडांची. अल्कोहोल जेमतेम ८ टक्के. रंग साजूक तुपाचा. पेला नाकाशी नेला आणि आमच्यातली सगळ्यात तरुण मुलगी सोडून बाकी सगळे एकदम म्हणालो, रॉकेल. पेटवायच्या आधी वातीच्या स्टोव्हला येतो तो वास. तिने रेशनची रांग पाहिलेली नाही, तिच्याकडे हा वासच नाही. रॉकेलच्या मागे मध, आणि त्याच्याही मागे उपासाचं लिंबाचं लोणचं, बरणीत तीन-चार वर्षं राहून काळं पडलेलं. गोड, आंबट, थोडं कडसर. चोवीस पावसाळे पाहिलेल्या द्राक्षाच्या रसात एवढी ताजी आंबटाई कशी राहते, याचं आश्चर्य अजून ओसरलेलं नाही.

दुसरी स्पेनमधल्या रियोहाची, आरो गावच्या लोपेझ दे एरेदिया यांची विन्या तोंदोनिया रिझर्वा २००४. हे घराणं १८७७ पासूनचं. पिंपं स्वतःच्या कारखान्यात बनवतात, वाइन त्यात सहा वर्षं ठेवतात आणि ती निवळायला अंड्याचा पांढरा बलक वापरतात. माझ्या टोपणनावामुळे मला या गोष्टीची विशेष ओढ. आजीच्या घरी रांजणात निवळीचं बी उगाळून घालत, त्याचं काम हेच. रंग जुन्या विटेचा, कडेला नारिंगी. वास सुक्या खोबऱ्याचा, खारकेचा, आमसुलाचा. खोबरं येतं ते अमेरिकन ओकच्या लाकडातून. तोंडात इतकी हलकी की गिळल्यावर कळतं काय गेलं ते.

तिसरी बारोलो २००१. इटलीच्या पिएमोंतेतल्या नेब्बिओलो द्राक्षाची ही वाइन हल्लीच्या नियमानं ३८ महिने मुरल्याशिवाय विकता येत नाही, त्यातले १८ महिने लाकडात. पुस्तकांत हिचं वर्णन ठरलेलं असतं, गुलाब आणि डांबर. आमच्या नियमाने गुलाबाचा गुलकंद झाला, कारण ताजं फूल नव्हतंच ते, उन्हात साखरेबरोबर बसलेलं होतं. मग कोणी काताचं नाव घेतलं, कोणी सुपारीचं, कोणी ज्येष्ठमधाचं. एवढ्यात माझा चुलतभाऊ म्हणाला, ‘अरे, हा तर विडा आहे.’ त्यानंतर मला दुसरं काही दिसेना. जिभेवरचा तुरटपणासुद्धा सुपारी चघळल्यावरचा. गाळ भरपूर होता. बाटली दोन दिवस उभी ठेवली होती, मानेमागे विजेरी धरून निथळून घेतली आणि गाळाचा पहिला धागा मानेत आला तिथे थांबलो.

चौथी फ्रान्सच्या बोर्डोची, १९९६ ची. बूच लागलेलं होतं, म्हणजे खराब बुचाचा वास वाइनला लागला होता. ओलं गोणपाट, पावसात भिजलेला पुठ्ठा, बस. ज्याने अकरा वर्षं जपली त्याचा चेहरा बघवला नाही. नाव लिहीत नाही, असं कोणाच्याही बुचाला होतं.

पाचवीसाठी हा सगळा लेख. मदेरा, बुआल द्राक्षाची, १९७७ ची.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. मदेरा हे अटलांटिकमधलं पोर्तुगीज बेट. तिथे वाइनमध्ये द्राक्षाचा कडक मद्यार्क घालून आंबणं मध्येच थांबवतात आणि मग तिला मुद्दाम ऊब देतात. साधी असेल तर टाकीत ४५ ते ५० अंशांवर निदान तीन महिने. चांगली असेल तर पिंपं घराच्या माळ्यावर तुळयांवर ठेवून, उन्हाने, वर्षानुवर्षं. याला कान्तेइरो म्हणतात. ‘फ्रास्केरा’ म्हणवून घ्यायला एकाच सालाची, एकाच द्राक्षाची वाइन पिंपात किमान वीस वर्षं काढायला लागते. म्हणजे आमची ही बाटलीत उतरली तीच १९९७ किंवा त्यानंतर. इतर वाइनला जे मारतं, ऊन आणि हवा, त्यावरच ही वाढलेली असते.

तीन दिवस आधी उघडून ठेवली होती. रंग तपकिरी, कडेला किंचित हिरवट सोनेरी. वहिनींनी पेला नुसता जवळ नेला आणि म्हणाल्या, ‘अगं बाई, बाळंतिणीचे लाडू!’ मेथी, डिंक, खारीक, तूप, सगळं. माझा कोल्हापूरचा मित्र मान हलवत राहिला. त्याच्या मते ही काकवी, गुऱ्हाळावर कढईतून नुकती काढलेली, गरम. पाव तास दोघं हटेनात. मेथी की काकवी? मला दोन्ही येत होते आणि माझा कौल कोणी विचारला नाही.

चव घेतली की आधी गोड लागते, लगेच आंबटाई येऊन गोडवा पुसून नेते आणि मग अक्रोडाच्या सालीसारखं काहीतरी मागे राहतं. वहिनी स्वयंपाकघरात जाऊन ताटं ठेवून परत आल्या तरी तोंडातली चव गेली नव्हती.

निघताना ज्याचं बूच लागलं तो मित्र म्हणाला, आपल्याकडे एक शब्द आधीपासून आहे, तो आपण वापरतच नाही. लोणचं मुरतं, मुरांबा मुरतो. नुसतं जुनं होणं वेगळं. मुरण्यात आतल्या गोष्टी एकमेकींत शिरतात. आणि ज्या वाइनचा जीव गेला ती उतरली. तेव्हापासून वहीत दोनच रकाने केलेत. रीसलिंग मुरलेली. तोंदोनिया मुरलेली. बारोलो मुरतेय अजून, आणखी दहा वर्षं मुरेल. मदेरा मुरलेली, आणि ती उतरेल असं मला वाटत नाही.

तुमच्या वह्यांतले वास सांगा.


राईनकाठ (माइन्झ)

वाचताना दोनदा उठून खिडकी उघडली. रॉकेल अगदी खरं. इथे जुन्या रीसलिंगच्या या मुरलेपणाला ‘फिर्ने’ असा स्वतंत्र शब्द आहे, तुमच्या ‘मुरली’च्या सगळ्यात जवळचा.

एक भर. रॉकेलच्या वासाला कारण असलेल्या रेणूचं लांबलचक नाव थोडक्यात टीडीएन असं घेतात. द्राक्षाच्या सालीतल्या कॅरोटिनॉइडांपासून तो बाटलीत सावकाश सुटा होतो, म्हणून वयाबरोबर वाढतो. पण घडावर ऊन जास्त पडलं असेल तर त्याचा कच्चा माल मुळातच जास्त असतो. त्यामुळे ऑस्ट्रेलियाच्या उन्हातली रीसलिंग चार-पाच वर्षांतच रॉकेलावर येते. रॉकेल आलं म्हणजे मुरली, असं मात्र धरू नका. तुमच्या पेल्यात मागे मध आणि लोणचं होतं, ते मुरण्याचं लक्षण.

किती थंड दिली? पाच-सहा अंशांवर दिली असेल तर मधाचा अर्धा भाग तुम्हाला भेटलाच नाही. जुनीला ११-१२ अंश द्या.


निवळी

साधारण ८ अंशांवर ओतली होती. तुम्ही म्हणता ते आता कळतंय, कारण पेल्यात तळाशी राहिलेला घोट सगळ्यात बोलका होता.


पहिला पेला (ठाणे)

मी अगदी नवीन आहे. माझ्याकडे नाशिकची २०१५ ची एक कॅबर्ने ही लाल वाइन आहे, लग्नात भेट आलेली. तेव्हापासून बेडरूमच्या कपाटात साड्यांखाली आडवी आहे. आता तीही मुरली असेल का? अजून ठेवू का?


गोडी छाटणी (दिंडोरी)

या रविवारी उघडा. थांबू नका.

मी स्वतः वाइनची द्राक्षं लावतो, चौदा वर्षं झाली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. आपल्याकडे वेल वर्षातून दोनदा छाटायला लागतो. एप्रिलात खरड छाटणी, तिच्यातून पुढच्या फळाची काडी तयार होते. पावसाळा सरताना गोडी छाटणी, तिच्यावर माल येतो. काढणी जानेवारी ते मार्च. म्हणजे युरोपात मणी पिकतात ते दिवस थंडीकडे झुकत असतात आणि आमचे मणी पिकतात ते उन्हाळ्याकडे झुकताना. मण्यातलं मॅलिक आम्ल उष्णतेत वेल श्वासाबरोबर जाळून टाकतो. शिवाय मण्यात पोटॅश जास्त उतरलं की रसाचा सामू (पीएच) चढतो, म्हणजे आंबटपणा उतरतो. साखर भराभर येते, आंबटाई भराभर जाते. आंबटाई हाच मुरण्याचा कणा. लोणच्यात मीठ कमी पडलं तर काय होतं ते घरात सगळ्यांना माहीत आहे.

म्हणून शेनिन, सोव्हिन्यों यांसारख्या पांढऱ्या वाइन आपल्याकडच्या असतील तर दोन वर्षांत संपवा, त्यांची मजा ताजेपणात आहे. लाल, लाकडात ठेवलेल्या, चांगल्या वर्षाच्या असतील तर सहा-आठ वर्षं तग धरतात, त्याही थंड जागी ठेवल्या तर. माझ्या द्राक्षांची २०१३ ची कॅबर्ने मी गेल्या वर्षी उघडली. ती तळघरात १५-१६ अंशांवर होती. खजूर, ओल्या पावसातला सागाचा पाचोळा, मधेच चिंचेचा कोळ. उतरणीला लागली होती पण उतरली नव्हती. मी एकटाच बागेच्या बांधावर बसून प्यायलो. ज्या ओळीची ती द्राक्षं होती, ती ओळ समोर होती. त्या वर्षी थंडी उशिरापर्यंत राहिली होती, हे मला पेल्यात दिसलं.

ठाण्याच्या बेडरूमचं तापमान मे महिन्यात ३३-३४ ला जातं. तुमची बाटली दहा उन्हाळे तिथे आहे. जास्त आशा नको, पण लग्नातली आहे, दोघं बसून प्या.


पहिला पेला

आभारी आहे. रविवारी कळवते.


तुरट (मुंबई)

मी हॉटेलात वाइनचं काम करते, ग्राहकासमोर बाटली उघडणं हेच माझं रोजचं काम. निवळी, लेख फार आवडला, पण नियम पटला नाही.

सीडर आणि ब्लॅककरंट हे शब्द उगाच आलेले नाहीत. त्यांच्यामुळे मी पोर्तुगालमधल्या पोर्तुच्या माणसाशी आणि केपटाउनच्या माणसाशी एकाच बाटलीबद्दल बोलू शकते. मी परीक्षेसाठी ब्लॅककरंटचा जॅम मागवून महिनाभर रोज हुंगला. तो वास मी कमावलेला आहे. ‘बाळंतिणीचे लाडू’ हे मी पाहुण्याला सांगितलं तर तो पेला खाली ठेवेल. आणि तुमच्या गटातल्या त्या तरुण मुलीकडे रॉकेलच नाही. म्हणजे मराठी शब्दसुद्धा एका पिढीचेच निघाले.


निवळी

तुम्ही महिनाभर हुंगून कमावलात, तर तो शब्द तुमचा झाला. नियम तेवढाच आहे. आम्ही कोणीच कमावला नव्हता, नुसता लिहीत होतो. मी तिशीपर्यंत ब्लॅककरंट पाहिलासुद्धा नव्हता. तरी दर वेळी तो लिहिताना हात अडखळला नाही, हे मला आता खटकतं.

त्या मुलीचं सांगायचं राहिलं. ती म्हणाली, नवा पावसाळी बूट खोक्यातून काढल्यावरचा वास. आम्ही सगळ्यांनी पुन्हा पेला उचलला. होता तोही.


तुरट (मुंबई)

बुटाचा वास मी उद्याच कामावर तपासते.

एवढं मात्र माझं म्हणणं कायम. वासाच्या आधी आंबटाई, तुरटपणा, गोडी, घोटानंतर चव किती टिकते, हे चार लिहा. वास प्रत्येकाच्या घरचे असतात, हे चार बाटलीचे असतात. आणि बूच लागलेल्या बाटलीबद्दल: त्या रेणूचे, टीसीएचे, लिटरमागे दोन-चार नॅनोग्रॅम असले तरी नाकाला कळतं. तुमच्या मित्राने काही चुकीचं साठवलं नाही, त्याला नक्की सांगा. लोक वर्षानुवर्षं स्वतःला दोष देत बसतात.


काचपात्र (नागपूर)

मेथी की काकवी, हा वाद मी मिटवू शकतो असं वाटतं. रसायनशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं, त्याचा असा उपयोग होईल हे ठाऊक नव्हतं.

दोघंही बरोबर आहेत. मदेरा पिंपात जसजशी जुनी होते तसतसा तिच्यात सोटोलोन नावाचा रेणू वाढत जातो. हाच रेणू मेथीदाण्याच्या वासाचा गाभा आहे. आणि हाच कच्च्या, न शुद्ध केलेल्या उसाच्या साखरेतही सापडतो. फरक आहे तो प्रमाणाचा. विरळ असला की नाकाला काकवी, जळकी साखर वाटते. दाट झाला की मेथी. एका लिटरमध्ये काही मायक्रोग्रॅम पुरतात. वहिनींचं नाक त्याला जास्त तीव्रतेने घेत असेल, तुमच्या मित्राचं कमी. शिवाय ज्याच्या आठवणीत गुऱ्हाळ आहे तो तिकडेच जाणार.

फ्रान्सच्या जुरा भागातली व्हाँ जोन ही पिवळी वाइन याच रेणूसाठी ओळखली जाते. आणि मेथीची भाजी किंवा लाडू भरपूर खाल्ले की दुसऱ्या दिवशी घामाला जो वास येतो, त्यामागेही हाच. बाळंतिणीच्या खोलीला तो वास असायचा, माझ्या पिढीच्या सगळ्यांना तो ओळखू येईल.


निवळी

सर, तुमचा प्रतिसाद वहिनींना वाचून दाखवला. कोल्हापूरला फोन लावून त्यालाही. दोघंही आपणच जिंकलो असं धरून चाललेत आणि दोघंही बरोबर आहेत, हे किती छान आहे.


हडसनपार (एडिसन)

काचपात्र सर, तुमचं वाचून एक जुनी गोष्ट आठवली. २००५ नंतर न्यूयॉर्क शहरात अधूनमधून हवेत मेपलच्या पाकाचा गोड वास पसरायचा आणि लोक घाबरून तक्रारी करायचे. २००९ मध्ये शहराने शोध लावला. नदीपलीकडे आमच्या न्यू जर्सीत एका कारखान्यात मेथीदाण्यांवर प्रक्रिया होत होती, वारा तिकडे वळला की वास जायचा. तेव्हा मी मॅनहॅटनला कामाला जायचो. माझ्या ऑफिसात सगळे पाक म्हणत होते आणि मला एकट्याला आईच्या लाडवांचा डबा आठवत होता. कोणाला सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहितोय.


जुनी गोदी (मुंबई)

मदेराचा आणि आपल्या किनाऱ्याचा संबंध अजून कोणी काढला नाही, म्हणून लिहितो. बंदरांच्या इतिहासाचं थोडं वाचन आहे.

ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं इकडे येताना मदेराच्या फुंशाल बंदरात थांबत आणि पिंपं चढवत. तिथून मुंबईला यायचं म्हणजे आफ्रिकेला वळसा. जाताना विषुववृत्त ओलांडायचं, केपनंतर वर येताना पुन्हा ओलांडायचं. पिंप विकलं न जाता परत गेलं तर आणखी दोनदा. जहाजाच्या पोटात महिनोन् महिने उकाडा आणि हेलकावे. दुसरी कुठलीही वाइन यात मेली असती. ही सुधारली, असं फुंशालच्या व्यापाऱ्यांच्या ध्यानात आलं. मग फेरी मारून परतलेल्या वाइनला ‘व्हिन्यो दा रोदा’ म्हणू लागले आणि तिला भाव जास्त मिळू लागला. पुढे काही पिंपं नुसती फिरवून आणण्यासाठी जहाजावर चढत. १८ व्या शतकाच्या अखेरीस कोणाच्या तरी डोक्यात आलं की हाच उकाडा बेटावरच देता येईल, आणि गरम खोल्या बांधल्या गेल्या. निवळीने वर लिहिलेल्या ४५-५० अंशांच्या टाक्या ही त्याचीच पुढची पायरी.

म्हणजे आज मदेरात जो काकवी-मेथीचा वास येतो, त्याचा शोध लागायला आपल्याकडचा समुद्र आणि आपल्याकडचा उकाडा कारण झाला. मुंबई पोर्तुगालने इंग्रजांना १६६१ च्या लग्नाच्या करारात दिली, हे शाळेत शिकवतात. त्याच दोन देशांच्या जहाजवाटेने आपली ऊब मदेराच्या पिंपात शिरली, हे मला त्याहून जवळचं वाटतं.


मांडवीकाठ (पणजी)

हे सगळं वाचून छातीत धडधड होतेय. मला तुमची मदत हवी आहे.

आमच्या मडगावच्या जुन्या घरात आजोबांचं औषधांचं कपाट आहे. आजोबा डॉक्टर होते. १९६१ च्या आधी कोणा पेशंटने त्यांना एक बाटली दिली होती. ते स्वतः पीत नसत, म्हणून ती कपाटातच राहिली. घरात सगळे तिला ‘पोर्त’ म्हणतात, म्हणजे पोर्तुगालची ती गोड, कडक वाइन. काळ्या काचेची आहे, उभीच ठेवलेली. बुचावर लाख. वाइन खांद्याच्या खाली उतरलीय. कागदाचं लेबल कधी नव्हतंच, काचेवर पांढऱ्या रंगाने रोमी अक्षरं आहेत. सुरुवातीला ‘वे’ वाचता येतं, मध्ये पुसलंय, शेवटी ‘ल्यो’. मोठी मामी म्हणते फेकून दे, विष झालं असेल. पोर्त इतकी वर्षं टिकते का?


निवळी

फेकू नका. कृपा करून आज रात्री कोणालाही हात लावू देऊ नका.

पांढऱ्या रंगात ठशाने लिहिलेली अक्षरं ही जुन्या मदेराची खूण आहे. तिथे कागदाऐवजी काचेवरच रंगवायची पद्धत होती. आणि ‘वे...ल्यो’ म्हणजे वेर्देल्यो असावं. मदेराच्या चार नामवंत द्राक्षांतलं ते एक. सेर्सियाल सगळ्यात कोरडं, मग वेर्देल्यो, मग आमचं बुआल, मग सगळ्यात गोड माल्वाझिया. उभी ठेवली होती हेही बरोबरच झालं. मदेरा उभीच ठेवतात, तिची आंबटाई आणि मद्यार्क बूच खाऊन टाकतात.

गोव्याच्या उकाड्यात साठ-सत्तर वर्षं, हे वाचून बाकी कुठल्याही वाइनसाठी मी आशा सोडली असती.


तुरट (मुंबई)

विषाची भीती मनातून काढा. फार तर शिर्का झाला असेल.

उघडताना: लाख ओल्या फडक्याने धरून हळू फोडा, चुरा आत जाऊ देऊ नका. साधा स्क्रू वापरू नका, बूच भुगा होईल. दोन पातळ पात्यांचा चिमटा मिळतो, आ-सो म्हणतात, तो बुचाच्या दोन्ही बाजूंनी झुलवत आत सारायचा आणि पिळत वर घ्यायचा. तरी तुटेल. तुटू दे. धुऊन वाळवलेल्या मलमलीतून गाळा, साबणाचा वास नसलेल्या. पहिल्या दिवशी वास घेऊन निराश होऊ नका. जाणकार बाटलीतल्या दर दहा वर्षांमागे एक दिवस हवा द्यायला सांगतात. तुम्ही निदान आठवडा द्या.


पहिला पेला (ठाणे)

रविवारी उघडली. रंग चहासारखा, वास शिळ्या मनुकांचा आणि कापून ठेवलेल्या सफरचंदाचा. म्हणजे उतरली, बरोबर ना? पण आम्ही एकेक घोट घेतला आणि लग्नाच्या गोष्टी काढत बसलो. पुढची बाटली दिंडोरीतूनच आणणार आहोत, आणि ती लगेच पिणार आहोत.


गोडी छाटणी (दिंडोरी)

उतरलीच. काढणीच्या दिवसांत या, फेब्रुवारीत. पिंपातून घोट चाखायला देतो, मग कुठली ठेवायची ते ठरवा.


मांडवीकाठ (पणजी)

तीन आठवड्यांनी लिहितेय. घाई केली नाही.

आई, मोठी मामी, मी आणि माझा नवरा, चौघंच होतो. लाख निघाली ती खापरीसारखी. बूच तीन तुकड्यांत आलं, शेवटचा आत पडला. मलमलीतून गाळली. काचेच्या बरणीत, वर कापड बांधून ठेवली. त्या दिवशी नुसता बंद कपाटाचा वास होता, कापूर आणि जुनं लाकूड. मामी म्हणाली, ‘सांगितलं नव्हतं?’

चौथ्या दिवशी सकाळी कापड सोडलं तर खोलीत माडाचा गूळ. आमच्याकडचा काळा, पिरॅमिडच्या आकाराचा असतो तो. सातव्या दिवशी पेल्यात ओतली. रंग तांब्याच्या जुन्या भांड्याचा. गुळामागे आंब्याचं साठ, उन्हात फार दिवस राहून कडक झालेलं. चुलीवरच्या पेजेला धुराचा वास लागतो तोही होता. नवऱ्याला मेथी आली, त्याने तुमचा धागा वाचला नव्हता हे आवर्जून लिहितेय. तोंडात गोड फार नव्हती. बिंबलं चावल्यासारखी आंबट, डोळे मिटावेत अशी, आणि मग कितीतरी वेळ गूळ परत येत राहिला.

आईने दोन घोट घेतले. मग पेला हातात धरून नुसता हुंगत बसली. म्हणाली, पपा दवाखान्यातून आल्यावर कपाट उघडायचे तेव्हा असा वास यायचा. साठ वर्षं ती लाखेच्या आतून थोडी थोडी बाहेर येत असणार. बाटलीतली पातळी खांद्याखाली गेली ती वाइन कुठे गेली, ते आम्हाला कळलं.

मामीने दुसऱ्यांदा मागितली.

निवळी, तुमच्या पहिल्या रकान्यात लिहा. बरणीतली परत बाटलीत भरून, नवं बूच लावून त्याच कपाटात उभी ठेवलीय, चार-पाच पेले उरलेत. जानेवारीत भाचीच्या मुंजीला पुण्याला येतेय, घेऊन येते. वहिनींना आणि कोल्हापूरच्या मित्राला दोघांनाही बोलवा. हवा आधीच लागलीय, त्याच संध्याकाळी ओतता येईल.